दारातला अशोक

१९६८ सालच्या श्रावणातला सोमवार. नगरपालिकेच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत, पाखरेसाहेबांच्या टेबलासमोर आम्ही तिघी बायका उभ्या होतो, आणि तिघींपैकी एकीच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

“बोला ना बाई,” साहेब म्हणाले. “तांबटवेस गल्लीला कुठलं झाड द्यायचं?”

शरयूवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी गोदाक्काकडे पाहिलं. गोदाक्कानं छताकडे पाहिलं.

“पाच वाजता मी कुलूप लावणार. आज सांगितलं नाहीत तर तुमच्या गल्लीत निलगिरी लागेल. मग कुरकुर करायची नाही.”

निलगिरीचं नाव ऐकून वहिनींनी माझा दंड असा धरला, की बोटांचे वळ उठले.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी आमची गल्ली रुंद केली आणि होती नव्हती तेवढी झाडं गेली. उन्हाळ्यात रस्ता नुसता तव्यासारखा तापायचा. मग नगरपालिकेला उपरती झाली. प्रत्येक गल्लीनं आपलं झाड आपण निवडावं, रोपं आम्ही देतो, असं जाहीर झालं. आमच्या गल्लीतले पुरुष त्यासाठी समोरच्या रंगूनाना टेंब्यांच्या ओट्यावर बैठका घ्यायला लागले. रंगूनाना निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना गुलमोहर हवा होता. एक जण म्हणाला, गुलमोहर वादळात मोडतो आणि नेमका सायकलीवर पडतो. दुसरा म्हणाला, वड लावा, बायकांना वटपौर्णिमेला लांब जायला नको. तर तिसरा म्हणाला, वडाची मुळं गटार फोडून न्हाणीघरात येतील. चिंचेचा विषय निघाला तेव्हा तिच्यावर भुतं असतात की नसतात यावर दोन बैठका गेल्या. कडुनिंबावर एकमत होत आलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी वरून गेलेल्या विजेच्या तारांकडे बोट दाखवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शेवटी आमच्या शेजारची गोदाक्का खिडकीतून ओरडली, “अहो, एवढ्यात आम्ही बायकांनी जंगल उभं केलं असतं!”

रंगूनानांना ते झोंबलं. म्हणाले, “जंगल राहू द्या. एक झाड ठरवून आणून दाखवा. वर्षभर आम्ही पुरुष आडातून पाणी काढून घालू.”

“आणि नाही आणलं तर?”

“तर दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसायचं नाही. तुमच्या गप्पांनी माझी झोप मोडते.”

आता तो ओटा म्हणजे आम्हा बायकांचं माहेर होता. गल्लीत दुपारी सावली असलेली तेवढी एकच जागा. तांदूळ निवडणं, लोकरीचं विणणं, सासवांची उणीदुणी, सगळं तिथेच. तो जाणं परवडण्यासारखं नव्हतं.

रविवारी दुपारी आमची बैठक बसली आणि पाच मिनिटांत उठली. गोदाक्का म्हणाली, “अशोक लावू. तो काठीसारखा उंच नव्हे, खरा अशोक. बेताचा वाढतो, तारांना लागत नाही, मुळं गटारात शिरत नाहीत, केशरी फुलांचे गेंद येतात.”

शरयूवहिनी खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. माझी ही थोरली जाऊ एरवी कुठल्या गोष्टीत हट्ट धरणारी नव्हे. सासूबाई म्हणतील ते आणि भाऊजी आणतील ते. पण त्या दिवशी मान वर न करता म्हणाल्या, “तेच. दुसरं कुठलंही नको. आणि सांगायला मी स्वतः जाणार.”

“तुम्ही?” मी विचारलं.

“मी. का, मला पाय नाहीत?”

भाऊजी तारखात्यात होते. त्यांची चांद्याला बदली झाली होती, गणपती झाले की निघायचे होते. सासूबाईंचा पाय मोडलेला, मुलांच्या शाळा, म्हणून वहिनी मागे राहणार होत्या. घरात बांधाबांध चाललेली असताना ह्या बाईला झाडाचं काय सुचलंय, असं मला वाटलं. पण वहिनींनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी बरोबर जायचं ठरवलं. गोदाक्का तर कुठेही बरोबर यायला तयारच असायची.

बागेच्या फाटकातून आत शिरेपर्यंत आमच्या डोक्यात काही आलं नाही. साहेबांनी “कुठलं झाड?” म्हणून विचारलं, वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

कारण आमच्या भाऊजींचं नाव अशोक.

वहिनी नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. आमच्या घरात कुणीच घेत नसे. घेतलं तर त्यांचं आयुष्य घटतं, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मी धाकटी जाऊ. थोरल्या दिराचं नाव मी घेणं म्हणजे तर जीभच झडायची. उरली गोदाक्का. तिला अशोकच काय, सम्राट अशोकसुद्धा म्हणायला कुणाची हरकत नव्हती. पण तिचं श्रावणी सोमवारचं मौन होतं. संध्याकाळी उपास सुटेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आठवड्याचे सहा दिवस जी बाई थांबत नसे, ती नेमकी त्या दिवशी मुकी.

“ते आपलं हे... ते झाड,” वहिनी म्हणाल्या.

“हे म्हणजे कुठलं?”

“तेच हो. माहीत असतं सगळ्यांना.”

साहेबांनी माझ्याकडे खडू सरकवला. त्यांची पद्धत अशी होती, की कागदाच्या भानगडीत पडायचं नाही. गल्लीचं नाव, मागणाऱ्याचं नाव आणि झाडाचं नाव खडूनं एका कुंडीवर लिहायचं आणि ती कुंडी त्या त्या वाफ्यात नेऊन ठेवायची. “बोलवत नसेल तर लिहा,” ते म्हणाले.

मी खडू उचलला. वहिनी कानाशी पुटपुटल्या, “कुंदे, खडूचं पुसलं जातं. आपणच लिहिलेलं ह्यांचं नाव पुसलेलं मला चालायचं नाही.” मी खडू ठेवला. गोदाक्कापुढे धरला, तर तिनं दोन्ही हात मागे घेतले. कीर्तनकारबुवांनी तिला सांगितलं होतं की लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, मौन मोडतं.

पण गोदाक्का हार मानणारी नव्हती. ती पदर खोचून पुढे आली. तिनं डोळ्यांना बोटं लावली, खांदे गदगदा हलवून रडण्याचा आविर्भाव केला आणि मग ठसक्यात तर्जनी हलवली. शोक, नाही! मला लगेच कळलं. साहेबांना भलतंच कळलं.

“अहो, रडू नका!” ते दचकून उठले. “झाड मिळेल. मी नाही कुठे म्हटलंय?”

गोदाक्कानं कपाळावर हात मारला, पुन्हा रडली, पुन्हा बोट हलवलं.

“ह्यांच्या घरी काही झालंय का?”

“काही नाही हो साहेब,” मी म्हटलं, “त्यांचं मौन आहे.”

“मौनात रडतात?”

“त्या झाडाचं नाव सांगताहेत.”

“रडणारं झाड?” साहेब विचारात पडले. “आहे तसं एक, पण ते काश्मीरकडे. आपल्याकडच्या उन्हात जळून जाईल.”

गोदाक्कानं आता हसून दाखवायला सुरुवात केली, आनंदानं एक गिरकीही घेतली, तशी साहेबांनी आपली खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. दारात दोन माळी येऊन उभे राहिले.

“हे बघा,” साहेब घाम पुसत म्हणाले, “झाडाचं मागून बघू. आधी मागणाऱ्याचं नाव सांगा. ते तर येतं ना सांगता?”

“सौभाग्यवती शरयू,” वहिनी म्हणाल्या.

“पुढे?”

“हर्डीकर.”

“आणि मधलं?”

वहिनी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. शेवटी मीच म्हटलं, “साहेब, मधलंच अडलंय. दोन्हीकडे तेच अडलंय.”

त्यातलं ‘दोन्हीकडे’ साहेबांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अस्सं! नाव घेत नाही होय! आमची आईपण घेत नसे. अहो मग उखाण्यात घ्या की! उखाण्याला कसली हरकत?”

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट! उखाण्यात नाव घेतलेलं देवालाही चालतं. मधलं नावही सांगून होईल आणि झाडही. एका दगडात दोन पक्षी.

“घ्या वहिनी,” मी म्हटलं. “एकदाच घ्या आणि सुटा.”

पण मागणी आल्यावर उखाणा थोडाच आठवतो! वहिनींना स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत घेतलेला एकच आठवला. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या,

“चांदीच्या वाटीत सीताफळाचा गर,
अशोकरावांच्या नावानं भरलं माझं घर!”

“वा!” साहेबांनी टेबलावर थाप मारली. माळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोदाक्कानं मौनात जेवढं हसता येतं तेवढं हसून घेतलं. साहेबांनी कुंडी आपल्याकडे वळवून खडूनं झराझर लिहिलं.

“आलं का दोन्ही?” वहिनींनी विचारलं.

“दोन्ही आलं. पण रस्त्याच्या कडेला हे मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच हं. फार उंच जात नाही ते.”

“म्हणूनच तर. वर तारा आहेत.”

“पोरं चढतील.”

“चढू देत.”

“हौस आहे बाई! रोपांना तोटा नाही, मागच्या वाफ्यात नुसती माजलीत. रविवारी पाठवतो.”

परत येताना वहिनी रस्त्यानं जवळजवळ धावत होत्या. संध्याकाळी गोदाक्काचं मौन सुटलं आणि सात वाजेपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की बायकांनी किल्ला सर केला. रंगूनाना म्हणाले, “बघू. रोप दारात आल्याशिवाय मी बादलीला हात लावायचा नाही.”

रविवारी सकाळी गल्ली सजली होती. पुरुषांनी तोंडं वाकडी करत का होईना, खड्डे खणले होते. प्रत्येक खड्ड्याभोवती आम्ही रांगोळी काढली. सासूबाई मोडका पाय स्टुलावर ठेवून दारात बसल्या होत्या. भाऊजी वर गॅलरीत दाढी करत होते. वहिनी इरकली नेसून, हातात हळदकुंकवाचं तबक घेऊन आमच्या दारासमोरच्या खड्ड्यापाशी उभ्या होत्या. लग्नातसुद्धा इतक्या नटल्या नसतील.

नगरपालिकेचा ट्रॅक्टर धडधडत आला. पुढे पाखरेसाहेब बसलेले, मांडीवर ती कुंडी. माळ्यानं उडी मारली आणि हाळी दिली, “सीताफळं कुठनं लावायला घ्यायची?”

“काय?” वहिनी म्हणाल्या.

“सीताफळं, बाई. समदी सीताफळंच हाईत.”

रंगूनाना ओट्यावरून एवढ्या मोठ्यानं हसले, की त्यांची कवळी सुटली. “सीताफळं! रस्त्याला सीताफळं! अहो हर्डीकरवहिनी, सावलीत बसायला आता बाहुल्या आणा!”

“चूक झाली,” वहिनी पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या. “साहेब, ही नव्हेत.”

“अशी कशी नव्हेत?” साहेबांनी कुंडी वर धरली. “तुम्हीच सांगितलंत. चांदीच्या वाटीत...” आणि त्यांनी भर गल्लीत, हातवारे करून सगळा उखाणा म्हणून दाखवला. “पहिल्या ओळीत झाड, दुसऱ्या ओळीत मिस्टर. यात माझं काय चुकलं?”

“अहो, पहिली ओळ नुसती जुळवायला असते!”

“मग झाडाचं नाव कुठे होतं?”

“दुसऱ्या ओळीत!”

“दुसऱ्या ओळीत मिस्टर होते!”

“तेच!” वहिनींनी तबक खाली आदळलं. कुंकू रांगोळीभर उडालं. एवढ्या वर्षांची ती खाली घातलेली मान वर झाली आणि अख्ख्या तांबटवेशीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, “अशोक! अशोक हवा होता मला! अशोक!”

आणि वरून गॅलरीतून, अर्ध्या तोंडाला साबण लावलेले भाऊजी म्हणाले,

“ओ! आलो, आलो!”

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर बंद केला. भाऊजी धावत खाली आले, हातात वस्तरा तसाच. “काय झालं? मला कोणी हाक मारली?”

सगळ्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं. वहिनी तोंडात पदराचा बोळा कोंबून आत पळाल्या.

“हिनं?” भाऊजी म्हणाले. त्यांचा साबण वाळायला लागला होता, पण त्यांना भान नव्हतं. दारापाशी जाऊन त्यांनी हळूच विचारलं, “अगं, परत एकदा मारतेस का?”

“मूर्खा, आयुष्य घटेल!” सासूबाई कडाडल्या. त्यांनी तिथल्या तिथे मीठमोहऱ्या मागवल्या आणि साबणासकट भाऊजींची दृष्ट काढली. नाव तीनदा घेतलं गेलं होतं म्हणून दृष्टही तीनदा.

इकडे रंगूनाना कवळी बसवून पुढे सरसावले. “पैज आम्ही जिंकली. उद्यापासून ओटा बंद!”

“कशी जिंकली?” गोदाक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाली. त्या दिवशी सोमवार नव्हता. “एक झाड ठरवून आणून दाखवा म्हणालात. ठरवलं, आणलं, हे काय दिसतंय! कुठलं ते तुम्ही म्हणाला होतात का? पोस्टातसुद्धा असंच अर्धवट वाचायचात वाटतं पत्ते!”

लोक हसायला लागले. निवाडा सासूबाईंकडे गेला. त्यांनी मीठमोहऱ्या विस्तवात टाकल्या, त्या तडतडू दिल्या आणि म्हणाल्या, “झाड आलंय. दारात आलेलं झाड परत पाठवायचं नसतं. पुरुषांनी पाणी आणावं.”

पाखरेसाहेबांना मी बाजूला घेऊन विचारलं, अशोकाची रोपं मिळतील का. ते हळहळले. “काल संपली बाई. सगळी स्टेशनरोडला गेली. तुम्ही सरळ नाव घेतलं असतं तर...”

संध्याकाळी वहिनी मागच्या दारी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. डोळे सुजलेले. मी शेजारी बसले.

“एवढं काय त्यात, वहिनी? झाड ते झाड. सीताफळं खायला तरी मिळतील.”

त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, “कुंदे, हे आता चांद्याला जाणार. दोन वर्षं की चार, कोण जाणे. घरात नाव कोण घेणार? मला घेता येत नाही, तुला घेता येत नाही. सासूबाई ‘बाळ’ म्हणतात, मुलं ‘दादा’ म्हणतात. दारात ते झाड असतं, तर पोरं म्हणाली असती, अशोकाखाली खेळतोय. येणाराजाणारा म्हणाला असता, ते दारातल्या अशोकाचं घर. दिवसातून चारदा कानावर पडलं असतं ग. बस, एवढंच.”

मीही शेंगा सोलायला घेतल्या.

पण तांबटवेशीतली पोरं म्हणजे तांबटवेशीतली पोरं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना एका कार्ट्यानं आमच्या दारातल्या वीतभर सीताफळाला वाकून नमस्कार केला आणि ओरडला, “काय अशोकराव, बरं आहे ना?” तिथून ते सुरू झालं. आठवड्याभरात गल्लीतल्या झाडून सगळ्या सीताफळांना लोक अशोक म्हणायला लागले. आधी चिडवायला, मग सवयीनं. “नाना, आमच्या अशोकाला पाणी राहिलं!” “अशोकाला शेळीनं तोंड लावलंय, हाकला!” वहिनी खिडकीशी उभ्या राहून ऐकायच्या. गणपती झाल्यावर भाऊजी चांद्याला गेले, तेव्हा त्यांचं नाव दारात दिवसातून चारदा नाही, चाळीसदा कानावर पडत होतं.

आणि एके दिवशी वहिनींच्या लक्षात आलं, की झाडाचं नाव घ्यायला त्यांनाही बंदी नाही.

भाऊजी परत आले, तोवर पहिली सीताफळं धरली होती. वहिनी अंगणातून हाक मारायच्या, “अशोक!” भाऊजी आतून म्हणायचे, “ओ!” वहिनी म्हणायच्या, “तुम्हाला नाही. झाडाला म्हटलं.” हे त्यांचं रोज चालायचं. सासूबाईंना संशय होता, पण झाडाचं आयुष्य घटताना दिसत नव्हतं, उलट ते गॅलरीपर्यंत पोचलं, म्हणून त्या गप्प बसल्या. त्या नव्वदीच्या होऊन गेल्या, शेवटपर्यंत स्वतःच्या नवऱ्याचं नाव न घेता.

रंगूनाना वर्षभर पाणी घालून थांबले नाहीत, मरेपर्यंत घालत राहिले. त्यांच्या दारातल्या अशोकाची सीताफळं गल्लीत सगळ्यांत गोड होती आणि ती चोरू नयेत म्हणून ते दुपारची झोप सोडून ओट्यावर बसायचे. आमच्या गप्पांत मग तेच सगळ्यांत जास्त बोलायचे. पाखरेसाहेब मोठ्या शहरात बढतीवर गेले, पण दर दिवाळीला पिशवी घेऊन यायचे आणि जाताना तो उखाणा म्हणून दाखवायचे. गोदाक्कानं पुढच्या श्रावणापासून मौन रविवारी धरलं. म्हणायची, त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात, कुणाचं नुकसान होत नाही. ती बोलता बोलताच गेली, वाक्य अर्धं टाकून. आमच्या ह्यांचं नाव मी इतक्या लांबणीत कुठेही लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

शरयूवहिनी भाऊजींच्या आधी गेल्या. भाऊजी नंतर बरीच वर्षं होते. कानानं अगदी कमी झाले होते. दाराशी आलेला माणूस ओळखायचा तर दोनदा ओरडावं लागे. पण आश्विनात फळं डोळे उघडायला लागली, की गल्लीतली नवी पोरं कुंपणावर चढून ओरडायची, “ए, अशोक पिकला रे!” आणि तेवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू यायचं. काठी शोधत, चपला उलट्यासुलट्या घालत, आतून ते म्हणायचे,

“ओ! आलो, आलो!”